वेळावदर: लांडगे, काळवीट आणि आमची सई

प्रवासाचे ब्लॉग वाचून वाटतं, की निघताना माणूस ताजातवाना असतो. मी निघाले तेव्हा बारावीच्या जीवशास्त्राच्या उत्तरपत्रिका तपासून मान आखडली होती, सिंकमध्ये दुधाचं पातेलं तसंच पडलं होतं आणि आमच्या बडोद्यातल्या वासण्याच्या बिल्डिंगची लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती. नवरा खालून आमच्या गुजरातीमिश्रित मराठीत हाका मारत होता, "चालो, निघूया हवे, ऊन चढेल." घरी मी त्यांना 'अहो'च म्हणते, पण इथे अविनाश लिहिते, नाहीतर वाचणाऱ्यांचा गोंधळ व्हायचा.

वेळावदरचं काळवीट अभयारण्य बडोद्याहून चारेक तासांवर आहे. तुम्ही जाणार असाल तर रस्ता, जेवण, राहणं सगळं सांगते, पण आम्ही का गेलो ते आधी सांगायला हवं. आमची मुलगी सई दोन वर्षं तिथे भाल प्रदेशात, अभयारण्याशेजारच्या एका गावात राहते. लांडगे किती काळवीट खातात आणि त्यानं कळपांच्या संख्येवर काय परिणाम होतो, हे मोजायचं तिचं काम. पगार म्हणावा असा पगार नाही. आणि माझ्या शाळेत जीवशास्त्राची एक जागा रिकामी होतेय. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सई येणार असेल तर सोमवारपर्यंत सांगा, मी दुसरं कोणी बघत नाही. गेल्या वर्षी अविनाशच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून औषधं, पथ्याचा स्वयंपाक, शाळा, बँक, लिफ्टवाला, सगळं मी एकटी बघतेय आणि मी दमलेय. मला सईला घरी आणायचं होतं. काळवीट बघणं त्यानंतरचं.

आदल्या संध्याकाळी खंडेराव मार्केटमधून तिच्यासाठी द्राक्षं, लिंबं आणि टोमॅटो घेतले, दांडिया बाजारातून मेतकूट, थोडं तिला आणि थोडं घरी. वाटेत खायला लीलो चेवडो. हा बटाट्याचा ओलसर चिवडा बडोद्याबाहेर धड मिळत नाही, तेव्हा तुम्ही बडोद्यावरून जाणार असाल तर जरूर घ्या, मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नका.

रस्ता असा: वासद, तारापूर, वटामण चोकडी, तिथून पिपळी-धोलेरामार्गे भावनगरच्या दिशेनं. वटामणपर्यंत हॉटेलं, चहा, पेट्रोल, सीएनजी सगळं आहे. पुढे फारसं काही नाही, त्यामुळे टाकी तिथेच भरा आणि स्वच्छतागृहही तिथेच गाठा, विशेषतः बायकांनी. आम्ही सीएनजीच्या रांगेत इतका वेळ होतो, की अविनाशनी रांगेतल्या चार गाडीवाल्यांची गावं, धंदे आणि रक्तदाब विचारून घेतले. धोलेऱ्यानंतर जमीन सपाट होते. झाड नाही, टेकडी नाही, नुसती खारी जमीन, कापून झालेल्या गव्हाची शेतं आणि मधूनमधून वेड्या बाभळीची झुडपं. मला तो सपाटपणा बरा वाटला. बघायला काही नाही म्हणजे लक्ष द्यायलाही काही नाही. मी तासभर झोपले.

सई जसुबेनच्या घरी भाड्यानं राहते. जसुबेन साठीच्या, विधवा, दोन म्हशी आणि काही शेळ्या बाळगून आहेत. आम्ही गाडीतून उतरतोय तोवर त्यांनी माझा हात धरला आणि अंगणाच्या कोपऱ्याकडे बोट केलं.

"बेन, जुओ. तमारी दीकरी आखो दिवस वरुनी हगार चाळे छे. कोण परणशे एने?"

वरू म्हणजे लांडगा. लांडग्याची विष्ठा दिवसभर चाळत बसणाऱ्या मुलीशी लग्न कोण करणार, हा जसुबेनचा प्रश्न मला अगदीच गैर वाटला नाही. सई नळाखाली उकिडवी बसली होती, नाकाला रुमाल बांधलेला. आणि तिच्या हातात माझी पुरणाची चाळण होती. होळीला मी ती चाळण घरभर शोधली होती. माळे काढले, कामवालीला विचारलं, शेवटी पुरण मिक्सरमधून काढलं आणि अविनाशनी ते चिकट झाल्याचं दोनदा सांगितलं.

"आई, दिवाळीला नेली मी," सई रुमालातून म्हणाली. "बाजारात बघितल्या, पण हिच्या जाळीएवढी बराबर एकही नाही मिळाली."

"आता परत आणू नकोस म्हणजे झालं."

चाळणीत उरलेलं तिनं आम्हाला दाखवलं. धुतल्यावर केस उरतात, हाडांचे तुकडे उरतात. एका बाजूला दोन काळे, चकचकीत खूर होते, माझ्या करंगळीच्या नखाएवढे. काळविटाच्या पाडसाचे. मोठा प्राणी मारला तर सांगाडा सापडतो, शिंगं सापडतात, पण नुकतं जन्मलेलं पाडस लांडगा उचलूनच नेतो, जागेवर काही राहत नाही. ते गेलं हे कळण्याचा मार्ग बहुतेक वेळा हा एवढाच. अविनाश खुरांकडे बघत राहिले, मग म्हणाले, आपण आधी जेवून घेऊ. जसुबेननी भालिया गव्हाच्या भाकऱ्या, वांग्याचं भरीत आणि ताक दिलं. हा गहू इथे जमिनीतल्या ओलीवरच पिकतो आणि त्याची चव खरंच वेगळी असते. परतताना पाच किलो आणला.

संध्याकाळी अभयारण्यात गेलो. माहिती अशी, की सकाळ आणि संध्याकाळ अशा दोन वेळा प्रवेश मिळतो, सोबत मार्गदर्शक घ्यावा लागतो, आम्हाला आपली गाडी आत नेता आली. माणसं, गाडी, मार्गदर्शक आणि कॅमेरा यांचे पैसे वेगवेगळे. दर आणि नियम बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी विचारून घ्या. पावसाळ्यात बंद असतं. राहायला आत महाग आणि बाहेर थोडं काही आहे, पण कुटुंब घेऊन जाणार असाल तर भावनगरला राहून पहाटे येणं सोयीचं.

गवत कमरेएवढं आणि पिवळं. त्यात काळवीट किती, हे मी सांगू शकत नाही. सई सांगू शकते. नर काळे-पांढरे, पीळदार शिंगांचे, माद्या आणि तरुण नर बदामी. मधूनच एखादी मादी उगाचच उंच उडी मारते आणि तिच्या मागे सगळा कळप एकेक करून त्याच जागी उडी मारतो, जणू तिथे कुंपण आहे. हे बघायला तरी जाच. नीलगायीही भरपूर दिसतात. परतीच्या वाटेवर मार्गदर्शकानं गाडी थांबवायला लावली. दूर गवताच्या कडेनं एक लांडगा चालला होता.

गेली पंचवीस वर्षं मी फळ्यावर एक आलेख काढते. एक लाट हरणांची, तिच्या थोडी मागे दुसरी लाट लांडग्यांची. पुस्तकातलं उदाहरण परदेशातल्या मूसचं आहे. मूस म्हणजे थंड प्रदेशातलं घोड्याहून थोराड हरीण. लांडगे वाढले की मूस कमी, मूस कमी झाले की लांडगे उपाशी, ते मेले की पुन्हा मूस जास्त. चार गुणांचा प्रश्न. त्या सगळ्या वर्षांत मी लांडगा पाहिला नव्हता. हा कुत्र्याहून उंच, मातीच्या रंगाचा, बरगड्या दिसत होत्या. खाली मान घालून एका चालीत चालला होता, कामावरून घरी जाणाऱ्या माणसासारखा. आणि काळवीट पळाले नाहीत. सगळ्यांनी माना वर केल्या, तो जाईल तिकडे तोंडं वळवत राहिले, बस. मला वाटलं होतं मला भीती वाटेल. तसं काही झालं नाही, तोही दमलेलाच वाटला.

रात्री सईशी बोलायचं ठरवलं होतं, पण ती जेवता जेवताच पेंगायला लागली. मीही.

दुसऱ्या दिवशी सई अंधारातच स्कूटर घेऊन कळप मोजायला गेली. डॉक्टरांनी अविनाशना रोज चालायला सांगितलंय, म्हणून आम्ही गावाबाहेर शेतांच्या बांधावरून निघालो. ते पुढे, मी बरीच मागे. गावची कुत्री आमच्यावर भुंकून कंटाळली. एका शेताच्या कोपऱ्यावर अविनाश थांबले आणि त्यांनी मला हातानं हळू ये म्हणून खुणावलं.

गवताच्या ठोंबाशी एक पाडस पडलं होतं. मान जमिनीला लावलेली, कान मागे, डोळे उघडे. मांजरीएवढं असेल. श्वासाची हालचाल सोडली तर ते जिवंत आहे हेही कळलं नसतं. आसपास एकही काळवीट नाही.

"ह्याची आई सोडून गेली," अविनाश म्हणाले. त्यांचा आवाज बदलला होता. "नाहीतर मारली गेली असेल. आणि ही कुत्री आहेत इथे."

वारं सुटलं होतं. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून पाडसाच्या पाठीवर घातला, बाभळीची एक वाळकी फांदी हातात घेतली आणि तिथेच उभे राहिले, पहाऱ्याला. हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस, टेरिकॉटची पँट, पायात चालायचे बूट. मी जीवशास्त्राची शिक्षिका आहे. हरणाच्या जातीतल्या बऱ्याच माद्या पिलाला असं दडवून ठेवतात, हे मी वाचलेलं आहे. पण त्या पाडसाकडे बघताना मला काही आठवलं नाही. मी बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन त्याच्या तोंडाशी धरलं. त्यानं घेतलं नाही. अविनाशनी घाईघाईनं सईला फोन लावला.

फोनवर तिचा आवाज मला बाजूला उभ्यानं ऐकू आला. "बाबा, पंचा काढा. हळू. आणि दोघंही निघा तिथून. मागे वळून बघत उभे राहू नका. पाण्याच्या टाकीपाशी थांबा, मी येते."

ती आली तेव्हा रागावलेली होती, पण रागावून बोलण्याएवढं त्राण तिच्यातही नव्हतं. टाकीच्या सावलीत आम्ही तिघं जमिनीवर बसलो. तिनं दुर्बीण लावली.

"आई जवळपासच असणार," ती म्हणाली. "पाडसाला वास जवळजवळ नसतो, तिला असतो. म्हणून ती मुद्दाम लांब राहते. दिवसातून थोड्या वेळा येते, पाजते, जाते. तुम्ही तिथे उभे होतात तोवर ती यायची नाही. आणि बाबा, तुम्ही तिथे पाटीच लावलीत, इथे काहीतरी आहे म्हणून."

"मला वाटलं एकटं आहे," अविनाश म्हणाले.

"एकटं आहे म्हणूनच वाचतं."

ऊन चढत होतं. मादी दिसेना. सईनं द्राक्षं काढली, आम्ही ती खात बसलो. लांडगा इकडे येतो का, असं अविनाशनी विचारलं. येतो, ती म्हणाली, कालव्यापलीकडे एक जोडी आहे, त्यांची पिल्लं मोठी होत आलीत, खायला खूप लागतं.

"आला तर तू काय करणार?"

"लिहून घेणार, बाबा. त्याला हाकललं तर माझ्या कामाला काही अर्थच नाही."

मी म्हटलं, "मग ठरलं का तुझं? लांडग्यामुळे काळवीट कमी होतात की नाही?"

"तू शिकवतेस ते खोटं नाही, पण ते इतकं सरळही नाही," सई म्हणाली. "म्हातारा, आजारी नर लांडग्यानं खाल्ला तर कळपाला फारसा फरक पडत नाही, तो तसाही जाणार होता. मूसचंही तसंच. पण पाडसं नेली तर फरक पडू शकतो. तोसुद्धा केव्हा? ती जगणार असती तर. एखाद्या वर्षी पूर येतो, गवत कुजतं, कुत्री असतात. लांडग्यानं नेलेलं पाडस त्यानं नेलं नसतं तर जगलं असतं का, हाच सगळा प्रश्न आहे. एकेका पाडसाचं ते कधीच कळत नाही. खूप वर्षं खूप पाडसं मोजली तर थोडंसं कळतं."

"म्हाताऱ्यांना खाल्लं तर फरक नाही पडत. बरं झालं सांगितलंस," अविनाश म्हणाले. सई हसली. मला हसू आलं नाही. मला वाटलं, आत्ता बोलले नाही तर मी पुन्हा बोलणार नाही.

मी तिला शाळेतल्या जागेचं सांगितलं. तिला ते माहीत होतं, फोनवर तुकड्यातुकड्यानं कळलेलं. मग मी जे बोलणार नव्हते तेही बोलले. "मी दमलेय, सई. ह्यांच्या गोळ्या चुकल्या तर काय, या भीतीनं मला नीट झोप लागत नाही. तू घरात असलीस तर निदान कोणाला तरी हाक मारता येईल."

अविनाश उठून चार पावलं लांब जाऊन उभे राहिले. त्यांना हे ऐकायचं नव्हतं, आणि मलाही त्यांच्यासमोर बोलायचं नव्हतं.

सईनं दुर्बीण डोळ्यांवरून काढली. "मला दिसतंय ते, आई. तू ये म्हणालीस तर मी येईन. खरंच येईन, तोंड पाडून नाही. पण हे काम अर्धं राहिलं तर अर्धं उपयोगाला येत नाही, नव्यानंच सुरू करावं लागतं. ते बहुतेक होणार नाही मग."

म्हणजे ठरवायचं मीच. मला तिचा राग आला. तिनं नाही म्हटलं असतं तर मी भांडले असते, हो म्हटलं असतं तर देवापुढे साखर ठेवली असती. दुपारपर्यंत आम्ही बसलो. मादी आली नाही. शेवटी सईनं अविनाशच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तुम्ही दोघं घरी जाऊन जेवा, मी थांबते. संध्याकाळी ती परतली तेव्हाही काही दिसलेलं नव्हतं.

निघायच्या सकाळी आम्ही तिघं त्या कोपऱ्यावर गेलो. जागा रिकामी होती. गवत दबलेलं होतं, तेवढंच. सई वाकून फिरली, माती बघितली, बांधापर्यंत जाऊन आली. रक्त नव्हतं, केस नव्हते.

"आई घेऊन गेली," अविनाश म्हणाले.

सई पुन्हा दबलेल्या गवताशी वाकली.

"सई, आई घेऊन गेली असणार ना? रात्रीतून?"

"गेली असेल, बाबा. जागा बदलतात त्या. किंवा लांडगा. त्यानं नेलं तरी जागा अशीच दिसते."

"माझ्यामुळे?"

"तेही सांगता येत नाही. तुम्ही आलाच नसतात तरी कदाचित." तिनं त्यांच्या दंडावर हात ठेवला, पण शब्द बदलले नाहीत.

मी तिच्या जागी असते तर हो म्हटलं असतं. आई घेऊन गेली, मी पावलं पाहिली, असं सांगून टाकलं असतं, आणि माझ्या नवऱ्याला गाडीत झोप लागली असती. पंचवीस वर्षं मी वर्गातल्या मुलांच्या बाबतीत तेच करत आलेय, प्रश्न आला की उत्तर. ही माझी मुलगी, आणि तिला तिच्या बापासाठीसुद्धा खोटं बोलता येत नव्हतं. मला अभिमान वाटला, आणि त्याच वेळी कळलं की ही आता हातची गेली. मी तिला ये म्हटलं नाही. नकोही म्हटलं नाही. जसुबेननी गाडीत गव्हाची पिशवी ठेवली आणि माझ्या कानात म्हणाल्या, "चिंता ना करता. हुं छुं ने." मी आहे ना, एवढाच अर्थ. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

परतीचा रस्ता तोच. दुपारी निघू नका, ऊन पाठीमागे असतं, पण झळा फार. वटामणला चहाला थांबलो. चहा पिताना अविनाश एकदम म्हणाले, "तिला आणायचं माझ्यासाठी असेल तर नको. मी गोळ्या घ्यायला शिकेन." मी म्हटलं, गेलं वर्षभर का नाही शिकलात? ते म्हणाले, "तू देत होतीस ना."

लोक विचारतात, जावं का वेळावदरला? जा. थंडीत जा, मार्चअखेर गेलात तर टोपी आणि पाणी न्या. लांडगा दिसेलच असं नाही. आणि गवतात एकटं पाडस दिसलं तर लांबूनच पुढे चालू लागा, कितीही वाईट वाटलं तरी.

सोमवारी शाळेत मुख्याध्यापिकांना सांगितलं, सई येणार नाही, तुम्ही दुसरं कोणी बघा. त्या म्हणाल्या, विचार करा मॅडम, अशी जागा परत निघायची नाही. मी म्हटलं, माहीत आहे. घरी आले, लिफ्ट बंद होती, जिने चढले आणि चपला न काढताच सईला फोन लावला.

"मी नाही म्हणून आले," मी सांगितलं. "तू तिथेच राहा."

ती म्हणाली, "आई, तू दमलीयस म्हणालीस."

"दमलेच आहे."

"मग?"

"मग काही नाही. दमलेय, आणि तू येऊ नकोस."

पलीकडे ती रडायला लागली. लहानपणी रडायची तसं, आधी आवाज न करता आणि मग एकदम मोठ्यानं. मला रडायचंही त्राण नव्हतं. आत अविनाश स्वयंपाकघरात डबे उघडून बघत होते, मेतकूट कुठे ठेवलंय म्हणून. मी दाराबाहेरच्या पायरीवर बसले आणि तिचं रडणं थांबेपर्यंत फोन कानाशी धरून ठेवला.